ग्रीन बे कोणाला घेणार?

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, ड्राफ्ट दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस चालतो. महाविद्यालयीन फुटबॉल खेळून बाहेर पडणाऱ्या तरुणांतून ३२ संघ सात फेऱ्यांत अडीचशेहून अधिक खेळाडू निवडतात. मागच्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. आयपीएलच्या लिलावाशी याची गल्लत होऊ नये. इथे बोली लागत नाही. ज्याची पाळी त्याने एक नाव सांगायचे. त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क मग त्याच संघाचा. पाळी मात्र दुसऱ्या संघाला देता येते. तिच्या बदल्यात त्याच्या पाळ्या किंवा खेळाडू घेता येतात, आणि भाकीत करणाऱ्यांची पंचाईत इथूनच सुरू होते.

पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला. कल्पना होती फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. चांगले खेळाडू बलाढ्य क्लबांकडेच जात आणि तळाचे संघ तळालाच राहत, हे त्यामागचे कारण. त्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी ज्याचे नाव पुकारले गेले तो शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे आडाखे फसण्याची परंपरा ड्राफ्टइतकीच जुनी आहे. १९८० पासून ईएसपीएन वाहिनीने ड्राफ्ट घरोघरी दाखवायला सुरुवात केली, १९८४ पासून विश्लेषक मेल कायपर तिथे खेळाडूंची मापे काढू लागले, आणि हळूहळू प्रत्येक चाहता आपापली यादी करू लागला. कोणता संघ कोणाला घेईल याच्या या आगाऊ यादीला मॉक ड्राफ्ट म्हणतात.

या छंदाविषयी दोन मते आहेत. पुढील संवादात पहिले मत आडाखेकार मांडतो आणि दुसरे शंकाकार. दोघांच्या बोलण्याचा विषय विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्स हा क्लब आहे. लाखभर वस्तीच्या गावातल्या या क्लबला एक मालक नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. कोणाला घ्यावे हे सांगायचा हक्क तिथल्या चाहत्याला इतरांपेक्षा जरा जास्तच आहे असे वाटते, ते यामुळेच.

आडाखेकार : सुरुवात संघाच्या पटापासून करावी. कोणाचा करार संपतो, कोण तिशी ओलांडून गेला, कोणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, हे लिहून काढायचे. मार्चच्या मध्यात करारमुक्त खेळाडूंची खरेदी होते. तिथे क्लब ज्या जागा भरतो त्या यादीतून खोडायच्या. उरते ती ड्राफ्टची गरज. मग आपली पाळी कितवी आणि तोवर कोण शिल्लक राहील, एवढाच हिशेब.

शंकाकार : हाच हिशेब पॅकर्सला लावून पाहा. २००२ साली त्यांनी विसाव्या पाळीला जॅव्हॉन वॉकर हा रिसीव्हर घेतला. त्यानंतर २००३ ते २०२४ या २२ ड्राफ्टांत पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर नाही. आणि या काळात तुमच्यासारख्यांनी पॅकर्सच्या नावापुढे रिसीव्हर किती वेळा लिहिला, ते आठवा.

रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा खेळाडू. प्रेक्षकाचे लक्ष आधी त्याच्याकडे जाते, त्यामुळे त्याची उणीवही आधी दिसते. २०२२ सालचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्या मार्चमध्ये पॅकर्सने आपला सर्वोत्तम रिसीव्हर डेव्हॉन्टे ॲडम्स लास व्हेगास रेडर्सला दिला आणि बदल्यात २२ वी व ५३ वी पाळी घेतली. स्वतःची २८ वी पाळी हाताशी होतीच. पहिल्या फेरीत दोन संधी आणि संघात रिसीव्हरची जागा रिकामी. यापेक्षा सोपे भाकीत ते कोणते? पण ड्राफ्टच्या रात्री १८ व्या पाळीपर्यंत सहा रिसीव्हर उचलले गेले. २२ व्या पाळीला पॅकर्सने क्वे वॉकर हा लाइनबॅकर घेतला आणि २८ व्या पाळीला डेव्हॉन्टे वायट हा बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा धिप्पाड गडी. दोघेही जॉर्जिया विद्यापीठाचे, दोघेही बचावाचे.

दुसऱ्या दिवशी क्लबने ५३ वी आणि ५९ वी पाळी मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन ३४ वी घेतली आणि ख्रिश्चन वॉटसन या रिसीव्हरचे नाव पुकारले. पाळ्यांची किंमत ठरवण्यासाठी डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात, १९९० च्या दशकाच्या आरंभी, एक तक्ता तयार झाला. त्यात पहिल्या पाळीला ३००० गुण आहेत, ३२ व्या पाळीला ५९०. त्याच तक्त्याने ५३ व्या आणि ५९ व्या पाळीचे मिळून ६८० गुण होतात, ३४ व्या पाळीचे ५६०. म्हणजे गरज खरीच होती, आणि आपल्याच गटातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला जास्त मोजून क्लबने ती भागवली. फक्त चाहत्यांनी धरलेल्या रात्री नव्हे.

आडाखेकार : मग चूक भाकीत करण्यात नाही, ते कशावर उभारले यात आहे. गरज पाहणारा चाहता स्वतःची इच्छा लिहून काढतो. त्याऐवजी क्लबची सवय पाहावी. ग्रेग जेनिंग्ज २००६, जॉर्डी नेल्सन २००८, रँडल कॉब २०११, डेव्हॉन्टे ॲडम्स २०१४, वॉटसन २०२२; पॅकर्सचे हे सगळे रिसीव्हर दुसऱ्या फेरीतले. तिथे इतके चांगले मिळत असतील तर पहिली फेरी त्यावर का खर्चावी? आता दुसरी सवय. २०१२ ते २०२३ या १२ ड्राफ्टांत क्लबची पहिली निवड ११ वेळा बचावफळीतली आहे. नाव सोडा, नुसते ‘बचाव’ असे लिहून ठेवणारा बारापैकी अकरा वेळा बरोबर आला असता.

शंकाकार : आणि बाराव्या वेळी?

बारावी वेळ म्हणजे २०२०. आदल्या हंगामात पॅकर्सने १३ सामने जिंकले होते आणि सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर तो संघ हरला होता. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा, पण जोमात. एक चांगला रिसीव्हर मिळाला की झाले, असे गावभर मत होते. क्लबने ३० व्या पाळीवरून २६ व्या पाळीवर उडी घेतली ती जॉर्डन लव्ह या क्वार्टरबॅकसाठी. चाहते खवळले. रॉजर्सने पुढच्या दोन्ही हंगामांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला, तेव्हा तो राग आणखी योग्य वाटू लागला. लव्हला नियमित क्वार्टरबॅक म्हणून जागा मिळाली ती २०२३ मध्ये, आणि त्याच हंगामात त्याने संघाला बादफेरीत नेऊन डॅलसला त्यांच्या मैदानावर ४८–३२ असे हरवले.

आडाखेकार : तेही सवयीतच बसते. २००५ साली तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र ३५ वर्षांचा असताना याच क्लबने २४ व्या पाळीला रॉजर्स घेतला होता. क्वार्टरबॅक पस्तिशीला आला की हा क्लब वारस शोधतो.

शंकाकार : अहो, हे वरातीमागून घोडे झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये तुमच्यापैकी किती जणांनी लव्हचे नाव पॅकर्सपुढे लिहिले होते? एकदा घडलेली गोष्ट दुसऱ्यांदा घडली की तिला सवय म्हणायचे; आणि दुसऱ्यांदा घडण्यापूर्वी तिला योगायोग म्हणायचे. मग हे शास्त्र कशाला म्हणता?

या आक्षेपात वजन आहे. मागे वळून पाहताना कोणत्याही क्लबच्या निवडींत नक्षी सापडते, आणि जी सापडली नाही ती कोणी सांगत नाही. तरीही ११ आणि २ या दोन आकड्यांत फरक करावा लागतो. बचावाचा कल अनेक वर्षांच्या निवडींवर उभा आहे; वारसाचा नियम दोन घटनांवर. आडाखेकाराने दोन्ही एकाच सुरात सांगितले, हा त्याचा कमकुवत दुवा.

शंकाकार : आता तुमच्या दुसऱ्या पायरीकडे येऊ, ‘तोवर कोण शिल्लक राहील’ याकडे. पॅकर्सची पाळी २३ वी धरा. आधी २२ निवडी व्हायच्या आहेत. प्रत्येक निवड तुम्ही शंभरात ८० वेळा बरोबर ओळखता असे मानले, आणि हे फारच उदारपणे मानले, तरी बावीसच्या बावीस बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकही भरत नाही. त्यात मध्येच कोणी पाळी विकली की पुढचा सगळा पट बदलतो. २०२४ मध्ये अटलांटा फाल्कन्सने मार्चमध्ये कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी १८ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिलमध्ये आठव्या पाळीला मायकेल पेनिक्स हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. कोणत्या गरजेच्या यादीत हे बसते?

आडाखेकार : गणित बरोबर आहे, पण लावले चुकीच्या ठिकाणी. २२ जण कोणत्या क्रमाने गेले याच्याशी पॅकर्सला काय करायचे? कोण गेले आणि कोण उरले एवढेच हवे. पाचवा सातवा झाला आणि सातवा पाचवा, तर माझा आडाखा जागचा हलत नाही. पहिल्या फेरीत जाणारी बहुतेक नावे आठवडाभर आधी माहीत असतात. प्रश्न उरतो काठावरच्या चारसहा जणांचा.

हे उत्तर पुष्कळसे पटणारे आहे, पण पुरते नाही, कारण कधीकधी काठावर नसलेलाही घसरतो. २०२५ मध्ये कोलोराडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्स याला अनेक याद्यांत पहिल्या फेरीत जागा होती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत, १४४ व्या पाळीला क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याचे नाव घेतले. त्याच ब्राउन्सने तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक आधीच घेतला होता. याद्या एकमेकींकडे पाहून तयार होतात हे यातून उघडे पडते. दहा जणांनी एकच नाव लिहिले म्हणजे दहा पुरावे झाले असे नाही. बहुधा एकाच पुराव्याच्या त्या दहा नकला असतात.

आडाखेकार : पण बातमी म्हणूनही काही असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला सगळ्यांची मोजमापे होतात: ४० यार्डांची धाव, उंच उडी, वजन, पंजाची लांबीसुद्धा. त्यानंतर प्रत्येक क्लबला ३० खेळाडूंना आपल्या कचेरीत बोलावता येते, आणि त्यांची नावे फुटतात. पॅकर्सना मोजमापात उजवे गडी आवडतात हे जगजाहीर आहे. वॉटसन सहा फूट चार इंच उंचीचा आणि ४० यार्ड ४.३६ सेकंदांत धावणारा. त्याचे नाव त्यांच्यापुढे लिहायला ज्योतिष लागत नव्हते.

शंकाकार : नावे फुटतात की फोडली जातात? क्लबांना खोटी आवड दाखवण्यात फायदा असतो, दलालांना आपल्या खेळाडूचा भाव वाढवण्यात. २०२३ मध्ये विल लेव्हिस या क्वार्टरबॅकला कॅरोलायना पहिल्याच पाळीला घेणार, अशी निनावी अफवा समाजमाध्यमावर आली आणि सट्टाबाजारातला भाव रातोरात हलला. प्रत्यक्षात तो पहिल्या फेरीत गेलाच नाही. ३३ व्या पाळीला टेनेसीने घेतला. पैसे लावणाऱ्यांची ही गत, तर फुकट सांगणाऱ्यांची काय?

क्लबांनाही एकमेकांच्या मनातले कळत नाही. २०२२ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २९ व्या पाळीला कोल स्ट्रेंज हा आक्रमणफळीतला गार्ड घेतला, तेव्हा लॉस एंजेलिस रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे आणि जनरल मॅनेजर लेस स्नीड पत्रकारांसमोर बसले होते. बातमी कळताच दोघांना हसू आवरेना. हा मुलगा तिसऱ्या फेरीअखेरच्या आपल्या पाळीपर्यंत कदाचित उरेल, अशी त्यांची आशा होती. वर्षभर स्काउट फिरवणारी, शेकडो मुलाखती घेणारी माणसे जिथे सत्तर-पंचाहत्तर पाळ्यांनी चुकतात, तिथे चाहत्याची चूक फार मोठी म्हणता येत नाही.

शंकाकार : मग मी पुढे जाऊन म्हणतो, क्लबही अंदाजच करतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागी खेळणारे, ड्राफ्टमध्ये पाठोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी घेतलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता शंभरात ५२ निघाली. नाणे उडवले असते तर ५०. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली १९९ वा होता आणि त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले होते. ज्यांना स्वतःला ठाऊक नाही, त्यांच्या मनातले ओळखून काय मिळवायचे?

आडाखेकार : इथे तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र करता. हा मुलगा पुढे मोठा होईल का, हा एक प्रश्न. हा क्लब त्याला घेईल का, हा दुसरा. मी दुसऱ्याचेच उत्तर देतो. क्लबची निवड चुकीची ठरली तरी माझे भाकीत बरोबर असू शकते. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा जाणार हे बहुतेकांनी सांगितले होते, तसेच झाले. लीफ पुढे चालला नाही, पण भाकीत करणाऱ्यांचा त्यात दोष नाही.

संवादातला सर्वांत कामाचा मुद्दा हाच आहे, आणि चाहते तोच विसरतात. क्लबने आपल्याला आवडलेला खेळाडू घेतला नाही की ते क्लबला मूर्ख ठरवतात. भाकीत आणि शिफारस यांची सरमिसळ होते. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी शेअरबाजाराबद्दल एका सौंदर्यस्पर्धेचा दाखला दिला होता. वर्तमानपत्रातल्या शंभर छायाचित्रांतून सहा चेहरे निवडायचे, पण बक्षीस त्याला, ज्याची निवड सर्वांच्या सरासरी पसंतीला जुळेल. मग स्पर्धक स्वतःला कोण सुंदर वाटते हे बाजूला ठेवून इतरांना कोण सुंदर वाटेल याचाच विचार करतो. केन्स यांचे ते पुस्तक १९३६ चे, म्हणजे पहिल्या ड्राफ्टच्याच वर्षीचे. ड्राफ्टचे भाकीत हे शब्दशः तेच काम आहे, फक्त इथे पसंती सरासरीची नसून एका खोलीत बसलेल्या मोजक्या माणसांची असते. पॅकर्सच्या बाबतीत ती खोली २००५ ते २०१७ टेड थॉम्पसन यांची होती, २०१८ पासून ब्रायन गुटेकुन्स्ट यांची आहे. खोलीतला माणूस बदलला की आधीच्या वर्षांचा पुरावा अर्धाच उरतो, ही खबरदारी फार थोडे जण घेतात.

शंकाकार : तर मग निदान मोजा तरी. ड्राफ्टआधी लिहून ठेवा, नंतर खोडू नका.

मोजण्याच्या पद्धती आहेत. प्रचलित पद्धतीत पहिल्या फेरीतले नाव बरोबर आले तर एक गुण आणि ते योग्य संघाशी जुळले तर आणखी दोन गुण मिळतात. ३२ पाळ्यांचे कमाल ९६. पूर्ण लीगची यादी करणाऱ्याला हे ठीक. एकाच क्लबच्या चाहत्याला ते फारसे उपयोगाचे नाही, कारण पहिल्या फेरीत त्याच्या वाट्याला वर्षाला एकच पाळी येते, कधी दोन, कधी एकही नाही. त्याने तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: कोणत्या जागेवरचा खेळाडू, पाळी वरखाली होणार की नाही, आणि शेवटी नाव. पहिल्या गोष्टीत अनेक वर्षांचा हिशेब ठेवला तर काही कौशल्य दिसू शकते. नावाच्या बाबतीत मात्र शंकाकाराचे पारडे जड आहे आणि राहील.

आडाखेकार : २०२५ चे काय? एप्रिलमध्ये ड्राफ्ट ग्रीन बे गावातच भरला. जानेवारीत वॉटसनचा गुडघा गेला होता. संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, जोश जेकब्झ यानेही पहिल्या दर्जाचा रिसीव्हर हवा असे उघडपणे म्हटले होते. आणि २३ व्या पाळीला टेक्सास विद्यापीठाचा मॅथ्यू गोल्डन, ४० यार्ड ४.२९ सेकंदांत धावणारा रिसीव्हर. क्लबच्या लॅम्बो फील्ड या मैदानाबाहेरच्या गर्दीने जल्लोष केला. गरजही जुळली, मोजमापही जुळले.

शंकाकार : आणि ‘रिसीव्हर पहिल्या फेरीत घेत नाहीत’ ही तुमची सवय मोडली. गरज पाहणारे त्या रात्री बरोबर आले आणि सवय पाहणारे चुकले. २२ वर्षे तेच नाव घेणाऱ्याला तेविसाव्या वर्षी यश आले, तर त्याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असे म्हणतात.

आडाखेकार : आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, २५ व्या पाळीला त्यांनी जॉर्डन मॉर्गन हा आक्रमणफळीतला लाइनमन घेतला, तेव्हाच बचावाची साखळी तुटली होती. ज्याने तेवढ्यावरून आपला आडाखा सैल केला तो २०२५ मध्ये फारसा चकित झाला नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, २८ ऑगस्ट २०२५ रोजी, पॅकर्सने डॅलसकडून मायका पार्सन्स हा बचावपटू घेतला. बदल्यात त्यांनी २०१६ च्या पहिल्या फेरीत निवडलेला केनी क्लार्क दिला, आणि त्यासोबत २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांची पहिल्या फेरीची पाळी. या सौद्यानंतर त्या दोन वर्षांसाठी ग्रीन बेच्या आडाखेकारांची यादी दुसऱ्या फेरीपासून सुरू होते.